नाटकमंडळीचे बिऱ्हाड

मराठी रंगभूमीचा इतिहास बहुधा नाटककारांच्या आणि नटांच्या नावांनी सांगितला जातो. कोणते नाटक कोणत्या साली रंगभूमीवर आले, त्यातील कोणती भूमिका कोणी गाजविली, कोणत्या पदाला किती 'वन्समोअर' मिळाले, याच्या कथा मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. परंतु तेच नाटक पुण्याहून हुबळीला किंवा मुंबईहून इंदूरला पोहोचले कसे, त्याबरोबर किती माणसे गेली, ती कोठे उतरली, त्यांच्या जेवणाची सोय कोणी केली आणि पगार कशातून दिला, या प्रश्नांकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक सुमारे ऐंशी वर्षे मराठी नाटक जगले ते प्रवासावर. त्या प्रवासाचा हिशेब ज्याला जमला त्याची मंडळी टिकली, ज्याला जमला नाही त्याची मंडळी थोर नट पदरी असतानाही बुडाली. म्हणून या फिरत्या संसाराचा इतिहास हा रंगभूमीच्याच इतिहासाचा एक मोठा, पण पडद्याआड राहिलेला भाग होय.

या प्रवासाचा आरंभ एका मृत्यूपासून झाला. सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आज्ञेवरून विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' हा खेळ सिद्ध केला. तोपर्यंत खर्चाची चिंता नव्हती. आज्ञा राजाची, खर्चही राजाचा. १८५१ साली अप्पासाहेब निवर्तले आणि हा आश्रय सरला. जमविलेली माणसे, शिकविलेली पदे, शिवलेले पोशाख यांचे करावयाचे काय, हा प्रश्न भाव्यांपुढे उभा राहिला. गावोगाव जाऊन लोकांकडूनच द्रव्य मिळवावयाचे, हे त्याचे उत्तर होते. १८५३ साली भाव्यांची मंडळी मुंबईस पोहोचली आणि ग्रँट रोडवरील नाटकगृहात तिकिटे लावून तिचे खेळ झाले. राजाच्या मर्जीवर जगणारी कला त्या दिवसापासून तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाच्या मर्जीवर जगू लागली. धनी बदलला, अनिश्चितता मात्र वाढली.

योगायोग असा की, त्याच वर्षी, म्हणजे १८५३ च्या एप्रिलमध्ये, मुंबई ते ठाणे ही हिंदुस्थानातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. भाव्यांच्या मंडळीला तिचा काहीच उपयोग नव्हता. घाट अजून पायी किंवा बैलगाडीनेच उतरावा लागे. पण पुढील तीस-चाळीस वर्षांत या दोन आरंभांची गाठ पडली. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग गेला व मुंबई-पुणे जोडले गेले. १८६७ साली गाडी नागपुरास पोहोचली. १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेने पुढे धारवाड-हुबळीचा मुलूख जवळ आणला. नाटकमंडळ्यांचे दौऱ्याचे नकाशे या रुळांवरून आखले गेले. खानदेश, वऱ्हाड, नागपूर हा एक फेरा. मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी हा दुसरा. आणि बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या मराठी संस्थानांचा तिसरा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला आपली भाषा आपल्या गावात, आपल्या शेजाऱ्यांसमवेत ऐकावयास मिळण्याचा नाटकमंडळीचा मुक्काम हा एक मोठा प्रसंग असे. या गावांना शिळे नाटकच मिळे असेही नाही. देवलांच्या 'शारदा' नाटकाचा पहिला प्रयोग १८९९ साली इंदुरास झाला आणि गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर महिन्याभराच्या आतच, १९१९ च्या फेब्रुवारीत, बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आले. मराठी भाषेची सीमा शासकीय नकाशात कोठेही असो, मराठी नाटकाची सीमा मंडळीच्या मुक्कामांनी ठरत होती.

प्रवासी मंडळीला संस्थेचे स्थैर्य देण्याचा मोठा प्रयत्न अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हातून झाला. अण्णासाहेब स्वतः रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात 'शाकुंतल'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. दोनच वर्षांनी 'सौभद्र' आले. परंतु १८८५ साली, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, अण्णासाहेब वारले. एका पुरुषाच्या कर्तृत्वावर उभी असलेली मंडळी अशा वेळी फुटावयाची, हा त्या काळचा सर्वसाधारण अनुभव. किर्लोस्कर मंडळी मात्र फुटली नाही. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर, भाऊराव कोल्हटकर यांच्यासारखे सहकारी मागे होते आणि त्यांनी कारभार सांभाळला. १९०१ साली भाऊराव गेले, तेव्हाही मंडळी उभी राहिली. १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, तिला येऊन मिळाले. नट जातो, संस्था राहते, ही गोष्ट मराठी रंगभूमीने येथे प्रथम सिद्ध करून दाखविली, असे म्हणावयास हरकत नाही.

ही संस्था चालत असे कशी? मंडळीचा मुक्काम हलण्याच्या कितीतरी आधी तिचा एक माणूस पुढच्या गावी जाऊन पोहोचलेला असे. नाटकगृह मोकळे आहे काय, त्याचे भाडे किती, नसल्यास मंडप कोठे घालता येईल, पत्रे व बांबू कोणाकडून मिळतील, हे त्याने पाहावयाचे. माणसांना उतरण्यासाठी एखादा जुना वाडा ठरवावयाचा. सरकारी परवानगी काढावयाची. कारण १८७६ च्या नाटक-नियंत्रणाच्या कायद्याने आक्षेपार्ह प्रयोग बंद करण्याचा अधिकार सरकारला दिलेला होता आणि खाडिलकरांचे 'कीचकवध' १९१० साली बंद पडल्यापासून तो अधिकार केवळ कागदावरचा नाही, हे प्रत्येक व्यवस्थापकाला उमगले होते. गावातील वकील, डॉक्टर, सावकार, व्यापारी यांच्या गाठी घ्यावयाच्या; कारण पहिल्या रात्रीच्या खुर्च्या तेच भरणार. त्या गावात नुकतीच दुसरी मंडळी येऊन गेली आहे काय, पीक कसे आहे, बाजार कधी भरतो, जत्रा कधी आहे, साथ तर आलेली नाही ना, याचीही चौकशी हवी. १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत ही शेवटची चौकशीच सर्वांत महत्त्वाची ठरे. साथ आलेल्या गावात माणूसच राहत नसे. मग प्रेक्षक कोठून येणार?

त्यानंतर यावयाचे सामान. रंगविलेले पडदे गुंडाळून बांधलेले. राजवाडा, रस्ता, अरण्य, बाग अशी ठराविक दृश्ये, ती एका नाटकातून दुसऱ्या नाटकात चालत. पोशाखांच्या ट्रंका, दागिन्यांच्या पेट्या, टोप व दाढीमिशा, शस्त्रे, सिंहासने, दिव्यांचे साहित्य, साथीची वाद्ये, आणि या सर्वांखेरीज शेकडो माणसांना पुरतील अशी स्वयंपाकाची भांडी. मोठ्या मंडळीत नट, वादक, रंगपट सांभाळणारे, पडदे ओढणारे, शिंपी, धोबी, आचारी, पाणके, तिकिटे विकणारे व दारावर उभे राहणारे अशी पाऊणशे-शंभर माणसे सहज भरत. ती सर्व एकाच वाड्यात राहत. म्हणूनच 'मंडळी' या शब्दाला कुटुंबाचाही अर्थ चिकटला. तो शोभेचा अर्थ नव्हता.

या कुटुंबाचे केंद्र रंगमंच नव्हते, स्वयंपाकघर होते. प्रयोग बहुधा आठवड्यातून तीन रात्री व्हावयाचे. बुधवार, शनिवार आणि रविवार हे नाटकाचे वार म्हणून रूढ झाले होते. पण चूल मात्र सातही दिवस पेटे. पावसाने प्रयोग बुडो, नायकाचा आवाज बसो, गावात मयत होऊन नाटकगृह रिकामे राहो. दोन्ही वेळच्या पंगती उठल्याच पाहिजेत. व्यवस्थापकाच्या हिशेबातील सर्वांत अवघड गणित हेच होते. उत्पन्न रात्रीवर अवलंबून आणि खर्च दिवसावर. शिवाय पंक्तीत समाजाचे सारे भेद शिरलेले असत. रंगमंचावर जो राजा म्हणून मिरवला त्याच्या शेजारी जेवावयास कोणी बसावे, याचा निर्णय नाटकाची संहिता करीत नसे, तो जातीचे निर्बंध करीत. कलेने एकत्र आणलेली माणसे जेवणाच्या पाटावर पुन्हा वेगळी होत, हे या संसाराचे एक वैगुण्य नमूद केलेच पाहिजे.

याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट मुलांची. स्त्रीभूमिका पुरुषांनी करावयाच्या, हा नियम असल्यामुळे गोड गळ्याच्या मुलांना मंडळीत मोठी मागणी असे. घरची गरिबी, गळ्याची देणगी आणि मंडळीचा गावातील मुक्काम या तीन गोष्टी जुळून आल्या की, आठ-दहा वर्षांचा मुलगा कंपनीबरोबर निघून जाई. केशवराव भोसले हे असेच बालवयात नाटकात आले आणि 'शारदा' नाटकातील शारदेच्या भूमिकेने लहानपणीच नावारूपाला आले. अठरावे वर्ष पुरे होण्याआधीच, १९०८ साली, त्यांनी हुबळीस 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली. दीनानाथ मंगेशकर गोव्याच्या मंगेशीहून आले, किर्लोस्कर मंडळीत वाढले आणि १९१८ साली चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी 'बळवंत संगीत मंडळी' उभारली. ही नावे इतिहासाला ठाऊक आहेत. परंतु ज्यांचा आवाज वयात येताना फुटला तो पुन्हा जुळला नाही, अशा मुलांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्यांनी शाळा सोडलेली असे आणि दुसरा धंदा शिकलेला नसे. काही जण दुय्यम भूमिकांवर राहिले, काही रंगपटात गेले, काही पडद्याच्या दोरीवर. त्या काळी नाटकमंडळी हीच त्यांची शाळा होती हे खरे. तेथे त्यांना उच्चार, गायन, पाठांतर, शिस्त हे सर्व मिळाले. पण या शाळेत नापास झालेल्या मुलाला घरी जाण्याची वाट बहुधा उरलेली नसे.

मालक आणि नट यांचे नातेही असेच दुहेरी होते. मालक वडीलधारा, तोच अन्नदाता, तोच तालीम पाहणारा. करार कागदावर कमी आणि शब्दावर अधिक. जोपर्यंत मालकात व मंडळीत स्नेह असे तोपर्यंत ही व्यवस्था कोणत्याही कागदापेक्षा बळकट ठरे. स्नेह आटला की, तिला आधार उरत नसे. किर्लोस्कर मंडळीतच याचा प्रत्यय आला. १९११ च्या मार्चमध्ये 'मानापमान'ने मंडळीला अपूर्व यश मिळाले. त्याच वर्षी मालकांपैकी नानासाहेब जोगळेकर वारले. आणि कारभार शंकरराव मुजुमदारांकडे राहिला असता मतभेद वाढत जाऊन १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून 'गंधर्व नाटक मंडळी' स्थापन केली. मुजुमदार हे व्यवहारदक्ष आणि 'रंगभूमी' मासिकासारखा उद्योग करणारे जाणते गृहस्थ होते. येथे एका बाजूस दोषी ठरविणे सोपे, पण अन्यायाचे होईल. ज्या नटाच्या नावावर तिकिटे खपतात त्याने मालक असावे की नोकर, या प्रश्नाचे उत्तर जुन्या व्यवस्थेत नव्हते, एवढेच त्यावरून दिसते.

नव्या व्यवस्थेने उत्तर दिले, पण त्याची किंमत वेगळी होती. आता नटच मालक झाला. गंधर्व मंडळीने वैभवाची सीमा गाठली. उंची शालू, खरे दागिने, गालिचे, अत्तराचा दरवळ, ऑर्गन आणि सारंगीची साथ, तबल्यावर थिरकवांसारखा वादक. प्रेक्षकाला उत्तमच द्यावयाचे, ही बालगंधर्वांची श्रद्धा होती, आणि ज्याने तिचा आस्वाद घेतला त्याने तिला नावे ठेवू नयेत. परंतु ज्याचा हात खर्च करतो त्याच हाताने खर्च रोखावयाचा, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला जड जाते. बोडसांसारखा व्यवहार पाहणारा भागीदार पुढे दूर झाला आणि मंडळी मोठ्या कर्जात सापडली. यानंतर बालगंधर्वांनी केले ते मात्र या इतिहासातील सर्वांत उदात्त कृत्यांपैकी एक होय. दिवाळखोरीचा सोपा मार्ग त्यांनी पत्करला नाही. वर्षानुवर्षे रंगमंचावर उभे राहून प्रयोगांच्या उत्पन्नातून ते ऋण फेडले. त्या प्रत्येक रात्री प्रेक्षकांना भामिनी दिसली, रुक्मिणी दिसली, सिंधू दिसली. सावकाराचा हप्ता कोणालाच दिसला नाही.

या मंडळ्यांचे व्यवस्थाकौशल्य एकदा सर्वांच्या नजरेस आले ते १९२१ साली. टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. गंधर्व मंडळीचे बालगंधर्व भामिनी आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर. एरवी प्रेक्षकांसाठी एकमेकांशी चढाओढ करणाऱ्या दोन मंडळ्यांनी आपली माणसे, आपली साथ आणि आपला मान एका रात्रीसाठी एकत्र आणला. कोण आधी येणार, कोणाचा पडदा, कोणाची साथ, असे शंभर नाजूक प्रश्न सोडविल्यावाचून असा प्रयोग होत नाही. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव वारले. पण त्यांची मंडळी बापूराव पेंढारकरांनी पुढे चालविली. चाळीस वर्षांपूर्वी किर्लोस्करांनी घातलेला पायंडा अद्याप जिवंत होता.

तथापि याच सुमारास पायाखालची जमीन सरकू लागली होती. १९२२ साली ललितकलादर्शने वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणले, तेव्हा रंगविलेल्या सपाट पडद्यांऐवजी भिंती-दारांची खरीखुरी खोली उभी राहिली, पु. श्री. काळे यांच्यासारख्या चित्रकारांच्या हातून नेपथ्यात क्रांती झाली. कलेच्या दृष्टीने ती प्रगतीच होती. पण पडदा गुंडाळता येतो, भिंत गुंडाळता येत नाही. सामान वाढले, हमाली वाढली, मुक्काम हलविणे महाग झाले. १९२३ साली मुंबई इलाख्यात करमणूक कर आला. आणि १९३१ साली हिंदी व १९३२ साली मराठी बोलपट अवतरला. बोलपटाला आचारी लागत नाही, वाडा लागत नाही, त्याचा गळा बसत नाही. टिनच्या काही डब्यांत बसून तो एकाच दिवशी वीस गावी जाऊ शकतो. गावोगावच्या नाटकगृहांच्या मालकांनी हा हिशेब लवकर ओळखला आणि जेथे महिना-महिना नाटके चालत, तेथे पांढरा पडदा लागला. बळवंत मंडळीने १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट काढून पाहिला. बालगंधर्व १९३५ साली 'धर्मात्मा'त दिसले. ज्या लाटेने घर बुडविले त्याच लाटेवर नाव घालण्याचा तो प्रयत्न होता. तो लाभला नाही.

मंडळ्या मोडल्या तेव्हा वृत्तपत्रांनी मोठ्या नटांविषयी हळहळ व्यक्त केली, आणि ते योग्यच होते. परंतु मोठ्या नटाला गाण्याच्या बैठकी होत्या, चित्रपट होता, चाहते होते. आचाऱ्याला काय होते? पडदे ओढणाऱ्याला? वीस वर्षे एकाच नाटकात द्वारपाल म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाला? इतरांचा धंदा बुडतो तेव्हा नोकरी जाते. यांची नोकरी गेली तेव्हा घर, पंगत, गाव, आप्त सर्व एकाच दिवशी गेले. पेन्शन नव्हते, निधी नव्हता, हक्क सांगावयास लेखी करारही नव्हता. चिंतामणराव कोल्हटकरांच्या 'बहुरूपी'ला १९५८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नटांची अशी आत्मचरित्रे आहेत म्हणून त्या संसाराची काही कल्पना तरी येते. द्वारपालाने आत्मचरित्र लिहिले नाही.

पुढे रंगभूमी सावरली ती निराळ्या वाटेने. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'ने आटोपशीर नाटकाचा आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याचा मार्ग दाखविला. १९४१ साली मो. ग. रांगणेकरांची 'नाट्यनिकेतन' उभी राहिली. त्यानंतर भालचंद्र पेंढारकरांनी ललितकलादर्शचे पुनरुज्जीवन केले. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' दिल्लीत प्रथम रंगभूमीवर आले ते फिरत्या रंगमंचासह. नव्या काळातील संस्थांना बिऱ्हाड राहिले नाही. नट आपापल्या घरी राहू लागले, मोबदला प्रयोगागणिक ठरू लागला, आणि दौरा म्हणजे बसने जावयाचे, प्रयोग करावयाचा, रात्रीच्या रात्री पुढचे गाव गाठावयाचे, असा झाला. यात नुकसान झाले ते तालमीचे. वर्षानुवर्षे एकत्र राहून एकमेकांचा श्वास ओळखणारी मंडळी आता जमणे कठीण. पण एक लाभही झाला, आणि तो लहान मानू नये. नाटक पडले तरी नटाचे घर उभे राहते. त्याच्या मुलाला शाळा सोडावी लागत नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी बांधलेले पॅलेस थिएटर पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते आगीत जळाले, तेव्हा गावातील माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. दगडामातीच्या वास्तूसाठी लोक असे रडत नाहीत. तेथे येऊन गेलेल्या, नावे ठाऊक असलेल्या आणि नसलेल्या, शेकडो माणसांच्या मुक्कामाची ती खूण होती. वास्तू पुन्हा बांधता येते. ज्यांनी आपली चूल, आपली मुले आणि आपले आयुष्य गाडीत घालून मराठी भाषा गावोगाव पोहोचविली, त्या बिऱ्हाडाचा हिशेब मात्र अजून पुरता मांडावयाचा राहिला आहे; आणि त्या हिशेबात जमेच्या बाजूस सर्व मराठी समाज आहे, येणे बाकी आहे ते त्या द्वारपालाचे.